डीएनडीचा दिवा खोटं बोलतो: नऊ डेस्क फोन, आठ महिन्यांनंतर

आवाज स्वच्छ आहे, स्पीकरफोन दणदणीत आहे, रिसीव्हर हातात जड आणि भरीव लागतो, पीओईवर, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच येणाऱ्या विजेवर चालतो म्हणून टेबलाखाली अ‍ॅडॉप्टरचा गुंता नाही. हे सगळं तुम्ही दुसरीकडे वाचलेलं असणार, म्हणून एका वाक्यात उरकलं. मला बोलायचंय ते स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात येणाऱ्या एका लाल चिन्हाबद्दल. डू नॉट डिस्टर्बचं, म्हणजे डीएनडीचं चिन्ह. आठ महिन्यांत या फोनांनी जेवढा मनस्ताप दिला, त्यातला निम्म्याहून जास्त या चिमुकल्या चिन्हापायी झालाय. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही. का ते पुढे कळेल.

आमचं ऑफिस लहान आहे. नऊ एक्स्टेन्शन, एक रिंग ग्रुप (ऑफिसच्या नंबरवर कॉल आला की नऊही फोन एकदम वाजतात), होस्टेड पीबीएक्स. म्हणजे एक्सचेंजचा डबा आमच्याकडे नाही, तो प्रोव्हायडरच्या सर्व्हरवर. आमच्याकडे फक्त फोन. नऊपैकी सहा नवे घेतले आणि तीन दुसऱ्या ब्रँडचे, वापरलेले, निम्म्याहून कमी किमतीत. ही काटकसर माझी. ‘सगळे एसआयपीच तर आहेत, काय फरक पडतो’ हे वाक्यही माझंच. (एसआयपी म्हणजे इंटरनेटवरून कॉल लावण्या-तोडण्याची फोन आणि सर्व्हरची सामाईक भाषा.) ते मला अजून अधूनमधून ऐकवलं जातं.

पहिले दोन महिने छान गेले. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी ग्राहकाचा मोबाइलवर फोन आला, ‘तुमचा नंबर लागतच नाहीये.’ मी माझ्या मोबाइलवरून ऑफिसचा नंबर लावला. अर्धी रिंग आणि लगेच एंगेज टोन. इकडे नऊही फोन टेबलांवर गप्प बसलेले. फार तर कुठेतरी ‘टिं’ असा अर्धवट आवाज, तोही शिंक दाबावी तसा दाबलेला. सपोर्टला फोन केला. ‘सर, सगळे फोन एकदा रीस्टार्ट करून घ्या.’ केले. चालू झाले. सपोर्टवाल्याने तिकीट बंद केलं आणि मी चहाला गेलो.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. प्रत्येक वेळी रीस्टार्ट, प्रत्येक वेळी तिकीट बंद. मी तोवर ‘भंगार फोन, अजिबात घेऊ नका’ असा एक स्टारचा रिव्ह्यू लिहून ठेवला होता. टाकला नाही हे बरं झालं, कारण तो चूक होता. म्हणजे पूर्ण चूक नव्हता, पण शिव्या चुकीच्या पत्त्यावर जात होत्या.

शेवटी सपोर्टकडे हट्टाने कॉलचा ट्रेस, म्हणजे फोन आणि सर्व्हरमधल्या निरोपांची नोंद मागितली. दोन दिवसांनी एक मजकुराची फाइल आली. अशी फाइल मी आधी कधी पाहिली नव्हती, पण वाचायला फार अवघड नसते. सर्व्हरकडून नऊ फोनांना नऊ ‘इन्व्हाइट’ गेलेले, म्हणजे ‘कॉल आलाय’ असे निरोप. आठ फोनांनी ‘१८० रिंगिंग’ असं उत्तर दिलं, म्हणजे वाजतोय. नवव्याने दिलं ‘६०३ डिक्लाइन’. आणि त्याच्या खालीच, त्याच सेकंदात, बाकीच्या आठांना सर्व्हरने पाठवलेले आठ ‘कॅन्सल’. एका फोनने नको म्हटलं आणि आठांचा घसा आवळला गेला.

नववा फोन अकाउंट्सच्या मॅडमचा होता. वापरलेल्या तिघांपैकी एक. त्या रोज सकाळी हिशेब जुळवताना तासभर डीएनडी दाबून बसायच्या. त्यांचा यात काही दोष नाही. बटणावर ‘मला त्रास देऊ नका’ लिहिलंय, ‘ऑफिस बंद करा’ असं लिहिलेलं नाही.

आता गंमत बघा. एसआयपीमध्ये ४८६ म्हणजे ‘इथे बिझी’, फक्त या फोनपुरतं. ४८० म्हणजे सध्या उपलब्ध नाही, तेही या फोनपुरतंच. पण सहाने सुरू होणारे कोड जागतिक नकाराचे असतात. ६०३ आला की सर्व्हरने समजायचं, हा माणूस कुठल्याच फोनवर बोलायला तयार नाही, शोध थांबवा. २००२च्या आरएफसी ३२६१ मध्ये हे स्वच्छ लिहिलंय (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज). म्हणजे फोन नियमाने वागला, सर्व्हरही नियमाने वागला. फक्त डीएनडीचं बटण दाबल्यावर यातला कुठला कोड द्यायचा, याची तिथे सक्ती नाही; ४८०च्या वर्णनात डीएनडीचं उदाहरण दिलंय, तेवढंच. नव्या सहांनी ४८६ देणं पसंत केलं, जुन्या तिघांनी ६०३. फोनच्या वेब पानावर ही सेटिंग सापडली, तिन्ही फोनांवर ४८६ केली, दहा मिनिटांचं काम. ज्याला मी तीन दिवस भंगार म्हणत होतो तो फोन पुस्तकातला कुठलाही नियम मोडत नव्हता.

इथे दोन स्टार झाले. पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. मुळात फोनने कॉल येऊ द्यायचा आणि मग नाकारायचा, हा द्राविडी प्राणायाम कशाला? सर्व्हरलाच माहीत असायला हवं ना, की मॅडमना आत्ता फोन नकोय?

तर, सर्व्हरलाही डीएनडी आहे. वेगळं. मला हे चौथ्या महिन्यात कळलं. आमच्या प्रोव्हायडरकडे स्टार ७८ डायल केलं की सर्व्हरवरचं डीएनडी चालू, स्टार ७९ केलं की बंद. मोबाइल अ‍ॅपमधलं बटण हेच सर्व्हरवालं डीएनडी फिरवतं, वेब पोर्टलमधलंही तेच. आणि टेबलावरच्या फोनच्या बटणामागे आहे फोनचं स्वतःचं, खासगी डीएनडी, ज्याची सर्व्हरला खबरच नाही. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. आमच्या एका सहकाऱ्याने प्रवासात असताना अ‍ॅपवरून डीएनडी लावलं आणि विसरला. ऑफिसात आला, फोनची स्क्रीन कोरी, चिन्ह नाही, काही नाही. दिवसभर एकही कॉल नाही. संध्याकाळी म्हणतो, आज मंदी दिसतेय.

मला राग आला तो इथे. कॉल न येणं मी समजू शकतो. पण कॉल येणार नाहीत हे माहीत नसणं, आणि फोनने तोंड वर करून ‘सगळं ठीक आहे’ असं दाखवणं! त्यापेक्षा चिन्हच नसतं तर माणूस निदान शंका तरी घेतो.

फॉरवर्डिंगची तीच कथा, फक्त जास्त महागात पडणारी. फोनमधून फॉरवर्ड लावलं तर कॉल आधी फोनपर्यंत येतो, फोन ३०२ असं उत्तर देतो, म्हणजे ‘मी नाही, त्या नंबरवर जा’, आणि मग सर्व्हर तिकडे पाठवतो. यासाठी फोन जिवंत पाहिजे. शुक्रवारी संध्याकाळी कोणीतरी व्हॅक्यूम क्लीनरसाठी स्विचचा, म्हणजे फोनांच्या केबल ज्यात जातात त्या नेटवर्कच्या डब्याचा, प्लग काढला. स्विच बंद, पीओई बंद, फोन बंद, फॉरवर्डही बंद. म्हणजे ज्या दोन दिवसांसाठी फॉरवर्ड लावलं होतं, नेमके तेच दोन दिवस ते नव्हतं. सर्व्हरवर लावलं असतं तर फोन खोक्यात भरून माळ्यावर टाकला असता तरी चाललं असतं.

आणि ‘उचलला नाही तर फॉरवर्ड’ हे तर आणखी भारी. फोन विचारतो किती रिंगनंतर? सर्व्हर विचारतो किती सेकंदांनंतर? आमचा फोन एक रिंग सहा सेकंदांची धरतो. दोन सेकंद वाजणार, चार सेकंद गप्प. मी हौसेने चार रिंग ठेवल्या, म्हणजे चोवीस सेकंद. सर्व्हरवर व्हॉइसमेल विसाव्या सेकंदाला कॉल उचलायचं. त्यामुळे माझं फॉरवर्ड कधी म्हणजे कधीच चाललं नाही. दर वेळी व्हॉइसमेल चार सेकंदांनी शर्यत जिंकायचं. हे उमगायला मला तीन आठवडे लागले, आणि उमगलं तेही स्वयंपाकघरातला टायमर फोनशेजारी ठेवून. तीन रिंग केल्या, अठरा सेकंद, चालू झालं. दोन सेकंदांच्या फरकावर अजून चाललंय, हात लावत नाही.

मोबाइलवर हे असलं काही नसतं, हे तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. मोबाइलचं फॉरवर्डिंग जीएसएमच्या काळापासून नेटवर्कमध्येच राहतं. हँडसेट नुसता रिमोट. स्टार २१ स्टार, नंबर, हॅश केलं की सगळे कॉल वळले. ६१ म्हणजे उचलला नाही तर, ६७ बिझी असेल तर, ६२ रेंजबाहेर असेल तर. हॅश हॅश ००२ हॅश केलं की सगळी फॉरवर्ड पुसली. आणि मला सर्वांत आवडलेलं म्हणजे स्टार हॅश २१ हॅश: यात तुम्ही काही बदलत नाही, फक्त नेटवर्कला विचारता, ‘बाबा रे, तुझ्याकडे काय लिहिलंय?’ ६१ला वेळही देता येते, पाच ते तीस सेकंद, पाचाच्या टप्प्याने. सेकंद! रिंगा नव्हेत. हँडसेट कुठल्याही कंपनीचा असो, कोड तेच.

व्हीओएलटीई, म्हणजे फोरजीच्या डेटा नेटवर्कवरून जाणारे कॉल, आल्यावर हीच सेटिंग एक्सकॅप नावाच्या पद्धतीने जातात. आरएफसी ४८२५, २००७चं. कल्पना साधी आहे: तुमची सेटिंग म्हणजे सर्व्हरवर ठेवलेला एक एक्सएमएल कागद, आणि फोन तो कागद एचटीटीपीने वाचतो, त्यातली ओळ बदलतो, परत ठेवतो. मोबाइल नेटवर्कची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीने २४.६२३ या दस्तऐवजात ते मोबाइलसाठी बसवलं. मोबाइलमध्ये कॉल फॉरवर्डिंगचा मेनू उघडला की ‘सेटिंग वाचत आहे’ म्हणत गोल फिरत राहतं ना, ते हेच. त्या गोलाला मी वर्षानुवर्षं शिव्या घातल्या आहेत. आता मान देतो. तो निदान विचारून सांगतो.

मग डेस्क फोनवाल्यांचं घोडं कुठे अडलं? प्रयत्न झाले नाहीत असं नाही. २००४ मध्ये आरएफसी ३८८० आलं, कॉल प्रोसेसिंग लँग्वेज. त्यात ‘कॉल आला तर काय करायचं’ याची अख्खी पाककृती एक्सएमएलमध्ये लिहून सर्व्हरवर चढवता येते. आमच्या नऊपैकी एकाही फोनच्या मेनूत तिचं नाव नाही. पुढे आयईटीएफमध्ये, म्हणजे या आरएफसी काढणाऱ्या संस्थेत, ब्लिस नावाचा गट बसला. नेमकं हेच दुखणं: एसआयपी सगळ्यांचं एकच, पण वरच्या सुविधा प्रत्येकाच्या वेगळ्या. एकाच लाइनचे दोन-तीन फोन कसे वागावेत, बिझी नंबर मोकळा झाल्यावर परत कॉल कसा लागावा, यावरची त्यांची कामं आरएफसी झाली, ७४६३ आणि ६९१०. आपोआप कॉल हाताळणीचा, म्हणजे डीएनडी आणि फॉरवर्ड फोनवर असावं की सर्व्हरवर आणि दोघांनी एकमेकांना कसं सांगावं याचा मसुदाही त्या गटाने केला होता. तो मसुदाच राहिला. माझ्या तीन महिन्यांच्या चिडचिडीचं उत्तर कुठल्यातरी मसुद्यात मुदत संपून पडलंय हे कळल्यावर हसावं की रडावं ते कळेना.

नियम नसला की वहिवाट पडते. टेलिफोन सर्व्हरचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ब्रॉडसॉफ्ट कंपनीने आपल्या सर्व्हरसाठी एक पद्धत काढली, तीच अनेक फोन कंपन्यांनी उचलली. मेनूत तिचं नाव बहुधा ‘फीचर की सिंक्रोनायझेशन’ असतं. फोन सर्व्हरकडे वर्गणी लावतो: या एक्स्टेन्शनच्या डीएनडी-फॉरवर्डमध्ये काही बदललं तर मला कळव. बटण दाबलं की फोन स्वतः काही ठरवत नाही, ‘डीएनडी लावा’ अशी विनंती पाठवतो. सर्व्हर लावतो आणि ‘लावलं’ असं कळवतो. मग चिन्ह उगवतं. त्यातली भाषा कॉम्प्युटर-टेलिफोन जोडणीच्या सीएसटीए या एक्मा संस्थेच्या मानकाच्या वळणाची आहे. फोन आणि सर्व्हर दोघांनाही ही पद्धत यायला हवी, नाहीतर आहेच आपला पाढा.

आमच्या नव्या फोनांत ही सोय पहिल्या दिवसापासून होती. बंद. वेब पानावरच्या एका टॅबच्या अगदी तळाशी, मदतीच्या चिन्हाविना. पाचव्या महिन्यात मी ती चालू केली आणि प्रोव्हायडरकडूनही चालू करून घेतली (त्यासाठी तीन तिकिटं, त्यातल्या एकात पुन्हा रीस्टार्टचा सल्ला).

आणि इथे माझं मत पलटलं. बटण दाबलं. आधी चिन्ह झटकन यायचं. आता अर्धा सेकंद काही नाही, आणि मग आलं. तो अर्धा सेकंद म्हणजे फोन विचारून आला. अ‍ॅपवरून डीएनडी काढलं, टेबलावरचं चिन्ह आपोआप गेलं. मग खरी परीक्षा: केबल काढली, फोन मेलेला असताना अ‍ॅपवरून डीएनडी लावलं, केबल परत लावली. फोन उठला, रजिस्टर झाला, आणि कोणी हात न लावता लाल चिन्ह! मी सगळ्यांना बोलावून दाखवलं. ‘मग? असंच असतं ना?’ असं म्हणून सगळे आपापल्या जागी गेले. बरोबरच आहे म्हणा. असंच असायला हवं होतं.

सहाव्या महिन्यात चिन्ह पुन्हा खोटं बोलायला लागलं. रोज नाही, महिन्यातून एखाद्या सकाळी. कॉल येत-जात होते, फक्त चिन्ह शिळं. तासाभरात आपोआप सुधारायचं, त्यामुळे पकडता येईना. कारण निघालं ते असं: प्रोव्हायडरचं काम चालू असलं की आमचे फोन दुसऱ्या सर्व्हरवर जायचे. रजिस्ट्रेशन, म्हणजे ‘मी इथे आहे’ ही फोनची सर्व्हरकडची नोंद, दर मिनिटाला ताजं होत होतं, म्हणून कॉलना अडचण नव्हती. पण डीएनडीच्या वर्गणीची मुदत ३६०० सेकंद. नव्या सर्व्हरला त्या वर्गणीचा पत्ताच नाही, आणि फोन मात्र मुदत संपेपर्यंत खुशाल बसलेला. मुदत ६०० सेकंद केली. आता फार तर दहा मिनिटं खोटं बोलतो. चालवून घेतो.

दोन लाइन असलेल्या फोनवर बटण दाबलं की कुठल्या लाइनचं डीएनडी लागतं, याचं उत्तर आमच्या मॉडेलमध्ये ‘पहिल्या’ असं आहे. हे कुठेही लिहिलेलं नाही. ज्यांना दोन लाइन आहेत त्यांनी सांभाळा.

आता माझे ते तीन स्वस्तातले. त्यांच्या शेवटच्या फर्मवेअरमध्ये (फोनच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) ही सिंक नाही आणि नवं फर्मवेअर येणार नाही. त्यांच्यावर मी जुगाड केलाय: डीएनडीची खरी कळ बंद करून टाकली, शेजारच्या कळीवर स्टार कोड बसवला आणि तिच्या दिव्याला सर्व्हरवरची स्थिती दाखवायला लावली. एरवी शेजारचा माणूस फोनवर आहे का हे दाखवणारा दिवा असतो ना, तोच. डीएनडी लागलं की तो ‘बिझी’सारखा लाल होतो. अर्थ जरा इकडचा तिकडे, पण खरं बोलतो. मात्र त्यासाठी प्रोव्हायडरने सर्व्हरवर तशी सोय उघडून दिली पाहिजे. आमच्याने दिली, तुमचा देईलच असं नाही. हिशेबाला बसलो तर त्या तिघांवर वाचवलेले पैसे आणि त्यांच्यापायी घालवलेले शनिवार यांची तोंडमिळवणी होत नाही. म्हणून बसत नाही.

नव्या सहांना आज चार स्टार देतो. पाचवा त्या बंद ठेवलेल्या सोयीपायी कापला. जुन्या तिघांना अडीच. घ्यायच्या आधी आवाज, स्क्रीन, रंग वगैरे बघत बसू नका. सर्व्हरवरून डीएनडी लावा आणि फोनकडे बघा. चिन्ह आलं तर घ्या. नाही आलं तर ब्रँड कुठलाही असो, तुमच्या वाट्याला माझे आठ महिने आहेत. बाकी वैशिष्ट्यं खोक्यावर छापलेली असतातच.

त्या तिघांपैकी मॅडमचा फोन मी गेल्या महिन्यात बदलून दिला. जुना स्टोअररूममध्ये लावलाय, तिथे कोणी बसत नाही. त्याची एकच गोष्ट पहिल्या दिवसापासून न सांगता बरोबर चालत आली आहे: व्हॉइसमेलचा दिवा. त्याचा नियम २००४ मध्ये आरएफसी ३८४२ म्हणून पक्का झाला, किती नवे किती जुने हे सर्व्हर सांगतो आणि फोन निमूटपणे दिवा लावतो. ब्रँड वेगळा, सर्व्हर वेगळा, एक सेटिंगही मी केलं नव्हतं. काल कागदांचा रिम आणायला आत गेलो तर अंधारात तो लुकलुकत होता. उचलून बघितला. स्क्रीनवर लिहिलं होतं दोन नवे, आणि खरंच दोनच होते.